क्रिस्तपुराणाचे अनाम सेवक

मराठी भाषेच्या थोरवीचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तील मराठीस्तुतीचा उल्लेख हटकून होतो. एका इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या भाषेला रत्नाची व फुलाची उपमा द्यावी, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु त्याच पहिल्या अवस्वरूत आणखी एक प्रसंग वर्णिलेला आहे आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. साष्टी प्रांतातील एका चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मतत्त्वांचे शिक्षण देणे चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांपुढे येतो. तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही, अशा आशयाचा प्रश्न तो करतो. या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ निर्माण झाला.

काही वर्षांपूर्वी हा प्रसंग मी वरच्या वर्गात सांगत होतो. तास संपता संपता एका मुलीने विचारले, "सर, त्या माणसाचे नाव काय?" मी क्षणभर थांबलो. ग्रंथकाराचे नाव, जन्मस्थान, गोव्यास आल्याची तारीख, सारे मला मुखोद्गत होते. प्रश्नकर्त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, कारण ते ग्रंथात दिलेलेच नाही. त्या मुलीच्या प्रश्नाने मनात जे विचार चालू झाले, ते येथे वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयी. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक मताचे आचरण करणे धोक्याचे होते. तरुण स्टीफन्स आपल्या थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर काही काळ त्याच्या चाकराचा वेष घेऊन देशात हिंडले. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचा होता. पाउंड पकडले गेले. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले, 1575 मध्ये संघात दाखल झाले आणि मागे राहिलेल्या मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली. ती मान्य झाली. पाउंड यांनी पुढे आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास उतरले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीच्या खेड्यापाड्यांत राहिले. एकाला समुद्र व ग्रंथ मिळाला, दुसऱ्याला कोठडी मिळाली. ग्रंथ आपल्या समोर आहे. कोठडीची आठवण फार थोड्यांना आहे.

ख्रिस्ती धर्मात नम्रतेला जे स्थान आहे, त्याचा उगम साक्षात ख्रिस्ताच्या चरित्रात आहे. गुरूने शिष्यांचे पाय धुतले. देवपण बाजूला ठेवून त्याने दासाचे रूप घेतले, असे संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुरूने शिष्यांना माझे पाय धुवा असे फर्मावले नाही. स्वतः कमरेला रुमाल बांधून तो खाली बसला. नम्रता ही स्वतः पत्करावयाची वस्तू आहे. ती दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. वसूल केली, की तिचे नाव नम्रता राहत नाही, ती लाचारी होते.

याच संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय पाहावा. तत्त्वविचाराने भरलेल्या त्या गहन पत्राच्या अखेरीस पौल एकेकाला नावाने नमस्कार पाठवितो. त्यांत स्त्रिया आहेत, श्रमकरी आहेत, आपल्या घरात मंडळी भरविणारे आहेत. त्यांपैकी बहुतेकांविषयी जगाला या एका ओळीपलीकडे काहीच माहीत नाही. आणि मध्येच एक अनपेक्षित वाक्य येते: पौलाने सांगितलेले पत्र लिहून घेणारा तर्तियस स्वतःच्या तोंडाने नमस्कार सांगतो. सबंध नव्या करारात या मनुष्याचे स्वतःचे असे एवढेच वाक्य आहे. पौलाने ते राहू दिले, यात पौलाचा मोठेपणा आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा 'लेखकु' म्हणून उल्लेख आहे. त्या काळी लेखक म्हणजे रचणारा नव्हे, लिहून घेणारा. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी तेली जगनाडे यांचे नावही वारकरी परंपरेने जपले आहे. लेखणी धरणाऱ्या हाताचे ऋण मानण्याची ही रीत दोन्ही परंपरांत आहे. म्हणूनच जेथे ती पाळली गेली नाही, तेथे ती उणीव अधिक बोचते.

अशी उणीव साष्टीच्या इतिहासात ठळकपणे दिसते. 1567 मध्ये या प्रांतातील शेकडो देवळे पाडण्यात आली. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. स्टीफन्स तेव्हा याच प्रांतात काम करीत होते. पॅरिसमध्ये असलेल्या रिचर्ड या आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या घटनेची हकिकत कळविली. 1893 मध्ये रोमने या पाचांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती सोबतीही मारले गेले होते, त्यांत कोवळी मुलेही होती. त्या घोषणेत त्यांची नावे आली नाहीत. दुसऱ्या बाजूस, या घटनेनंतर कुंकळ्ळीच्या ज्या गावकऱ्यांना बोलणीच्या मिषाने बोलावून चौकशीवाचून ठार करण्यात आले, त्यांचे स्मरणही दीर्घकाळ त्यांच्या गावापुरतेच राहिले. एकाच दिवसाच्या रक्तातून काही नावे वेदीवर चढली आणि काही मातीत राहिली. राहिलेल्यांनी ते नम्रतेने पत्करले होते, असे म्हणण्यास आपल्याला काय आधार आहे?

येथे अनामिकतेचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक, स्वतःहून स्वीकारलेली: उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये अशा वृत्तीतून येणारी. दुसरी, कोणी विचारलेच नाही म्हणून पदरी पडलेली. पहिलीपुढे आपण मस्तक लववावे. दुसरीवर नम्रतेचा अंगरखा चढवून तिला शोभा आणणे हा मात्र इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. क्रिस्तपुराणातील तो प्रश्नकर्ता कोणत्या प्रकारचा होता, हे आज सांगता येणार नाही. एवढे खरे की त्याची जुनी पोथी त्याच्या हातून गेली होती आणि रिकाम्या हाताने घरी जाण्यास तो तयार नव्हता. नव्या धर्मावर त्याचा विश्वास होता म्हणूनच त्याने तो प्रश्न धर्मगुरूला विचारला. स्टीफन्स यांचे श्रेय असे की प्रश्न उद्धटपणाचा न मानता त्यांनी तो ग्रंथाच्या दारातच मांडून ठेवला. नाव राहिले असते, तर बरे झाले असते.

पुराण प्रथम 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे पाडावेत अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. 1608 मध्ये आपल्या संघाच्या मुख्याधिपतींस लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा विषय काढला होता. परंतु या लिपीला शेकडो साचे लागतात, ही अडचण दूर झाली नाही आणि मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. पुढे 1649 व 1654 मध्ये आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज भाषेचा अवलंब करावा, असे फर्मावले. छापखान्याने पाठ फिरविली, राजसत्तेने भाषेवरच रोख धरला. तरी ग्रंथ नष्ट झाला नाही.

तो कोणी वाचविला? ज्यांनी तो हाताने उतरून काढला त्यांनी, आणि ज्यांनी तो गाऊन दाखविला त्यांनी. दुष्काळ, युद्धे, करांचा बोजा व धर्मन्यायासनाची धास्ती यांमुळे सतराव्या व अठराव्या शतकांत अनेक ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून कारवारच्या खाली, मंगळुरूकडे, कानडा प्रांतात गेली. जाताना त्यांनी या पुराणाच्या पोथ्याही नेल्या. 1784 मध्ये टिपू सुलतानाने या प्रांतातील हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. 1799 मध्ये टिपूचा पाडाव होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, त्यांतील बहुतेक बंदिवासात होते. धर्मगुरू जवळ नसता या लोकांना पुराणातील ओव्यांनी धीर दिला, असे त्या समाजाची परंपरा सांगते. या कैद्यांत ओवी म्हणणारा कोण होता, ऐकणारे कोण होते, याची नोंद कोठेही नाही.

कानडा प्रांतातील घराघरांत टिकून राहिलेल्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळुरू येथे क्रिस्तपुराण पुन्हा रोमन लिपीत प्रसिद्ध केले. पुढे विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखित लंडन येथे अभ्यासकांच्या नजरेस आले. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या हाती ग्रंथ आला. संपादकांची नावे आपण आदराने घेतो आणि घेतलीच पाहिजेत. परंतु 1654 पासून 1907 पर्यंत अडीचशे वर्षांची जी दरी आहे, ती संपादकांनी ओलांडलेली नाही. ती समईच्या उजेडात बोरू चालविणाऱ्यांनी ओलांडली. त्यांच्या घरची बोली कोंकणी होती, लिहीत होते ते मराठी, आणि पुष्कळदा लिपी रोमन. एखादी मात्रा चुकली असेल, एखादी ओवी गळली असेल. आज पाठभेद म्हणून ज्यांची आपण तळटीप देतो, त्या त्यांच्या श्रमाच्या खुणा होत.

साहित्याचा इतिहास आपण मुलांना शिकवितो तो ग्रंथकारांच्या नावांची व सनांची यादी म्हणून. परीक्षेच्या दृष्टीने ते सोयीचे आहे आणि मीही तीस वर्षे तेच केले. तथापि महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अधिक कळावयास हवे. आपल्या गावातील वाचनालये, भजनी मंडळे, जुन्या पोथ्या कोणाच्या बळावर टिकल्या, हे आपण जाणतो. त्यांतील किती जणांची नावे आपण लिहून ठेवली? सेवा करणाऱ्याने नाव मागू नये, ही त्याची नम्रता. नाव विचारणे, ते लिहून ठेवणे, हे सेवा घेणाऱ्याचे कर्तव्य. पहिल्या गोष्टीचा आधार घेऊन दुसरी टाळता येणार नाही.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले ते असे: "त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण यापुढे हा धडा मी त्याच्यापासून सुरू करीन." तेव्हापासून दरवर्षी फळ्यावर स्टीफन्स यांचे नाव लिहिण्यापूर्वी मी त्या रविवारी उभ्या राहिलेल्या माणसाची हकिकत सांगतो, आणि दरवर्षी कोणीतरी त्याचे नाव विचारतेच.