महसुलाच्या रकान्यातील माणसे

शासन आणि अमली पदार्थांचा व्यापार यांचे लागेबांधे उघड करणाऱ्या पत्रकारितेचा विषय निघाला, की अमेरिकेतील गॅरी वेब यांचे नाव हमखास घेतले जाते. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘सॅन होजे मर्क्युरी न्यूज’ या दैनिकातील त्यांच्या लेखमालेने एक साखळी मांडली. लॉस एंजेलिसच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या कोकेनचा पैसा निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांकडे जात होता, आणि हे बंडखोर सीआयएच्या पाठबळावर उभे होते. बडी वृत्तपत्रे वेब यांच्यावर तुटून पडली. १९९७ मध्ये त्यांच्याच संपादकांनी अंग काढून घेतले. १९९८ मध्ये सीआयएच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने मात्र मान्य केले, की अमली व्यापाराचा संशय असलेल्या व्यक्तींशी या यंत्रणेने संबंध ठेवले होते. २००४ साली वेब यांनी आपले आयुष्य संपविले.

गुपित, शोध, शिक्षा आणि उशिरा आलेली मान्यता असा या कथेचा साचा आपल्या मनात पक्का बसला आहे. तो हाती धरून एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याकडे वळलो, तर पहिल्याच पायरीवर अडखळायला होते. तेथे गुपितच नव्हते. सरकारच व्यापारात होते आणि ते दरवर्षी आपल्या जमाखर्चात छापत होते. मग शोध घेणाऱ्यांनी शोधले काय? या प्रश्नाचा येथे थोडा पाठपुरावा करावा असे आम्हांला वाटते.

आरंभ मावळापासून करता येईल. लोणावळ्याच्या दक्षिणेच्या डोंगरांत उगम पावणारी पवना दापोडीपाशी मुळेला मिळते. पुढे मुठेचा संगम होऊन ते पाणी पुण्याच्या बंडगार्डनपाशी येते. या जागेला ‘बंड’ हे नाव ज्या बांधामुळे पडले, तो सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५० साली पुरा झाला. मुंबईतील रुग्णालय आणि कलाशाळा यांच्याशी जोडलेले हेच ते नाव. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली होती. त्या व्यापारात कापूस होता, तशीच अफूही होती, आणि कँटनमधील जार्डिन मॅथेसन ही पेढी त्यांची भागीदार होती. १८४२ साली, म्हणजे पहिले अफूयुद्ध संपले त्याच वर्षी, त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. अमर फारूकी यांच्या संशोधनाने मुंबईच्या भांडवलाची ही बाजू सविस्तर पुढे आणली आहे. जमशेटजींचे दातृत्व त्यामुळे खोटे ठरत नाही. मात्र मावळचे पाणी ज्या बांधावर अडले, त्याच्या दगडांत माळव्याची अफूही आहे, एवढे ध्यानात ठेवायला हवे.

मावळ आणि माळवा हे दोन्ही प्रदेश एकाच युद्धाने इंग्रजांच्या कक्षेत आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मावळ खालसा झाले. शिंदे-होळकरांच्या माळव्यावरही कंपनीचा वचक बसला. माळव्याची घडी बसविणारे सर जॉन माल्कम पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि खंडाळ्याहून उतरणारी बोरघाटाची गाडीवाट १८३० साली त्यांच्याच हस्ते खुली झाली. माळव्याची अफू मात्र या घाटाने येत नसे. तिच्या वाटा उत्तरेकडच्या होत्या, आणि त्या अडविणे कंपनीला जमत नव्हते. बंगालमध्ये अफूची लागवड आणि विक्री कंपनीच्या मुठीत होती. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिके आणि दमण किंवा कराचीच्या वाटेने बाहेर पडे. कंपनीने आधी बंदी घातली, मग स्वतःच खरेदी करून पाहिली, संस्थानिकांशी करारही केले. शेवटी १८३१ पासून तिने परवाना-पद्धत स्वीकारली. ठरावीक शुल्क भरा आणि पेटी उजळ माथ्याने मुंबई बंदरातून चीनला पाठवा.

या शुल्काचा आलेख बोलका आहे. आरंभी ते पेटीमागे १७५ रुपये होते. दमणची चोरवाट अधिक स्वस्त पडते असे दिसल्यावर १८३५ मध्ये ते १२५ वर आणले. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि शुल्क चढू लागले. १८४७ पर्यंत ते ४०० झाले, पुढे सहाशेच्याही वर गेले. नीतीचा, आरोग्याचा वा चीनमधल्या माणसांचा विचार या चढउतारात कोठेही नाही. चोरट्या वाटेपेक्षा सरकारी वाट किती स्वस्त ठेवावी, एवढाच हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे सहावा-सातवा हिस्सा अफूतून येई.

जे सर्वांसमक्ष चालते, त्याचे पितळ उघडे पाडायचे कसे? त्या काळच्या टीकाकारांपुढे ही खरी अडचण होती. आकडे सरकारच देत होते. आकड्यांत नव्हती ती माणसे. म्हणून त्यांचे शोधकार्य माणसांच्या दिशेने गेले. पंडिता रमाबाईंच्या कार्यात सहभागी असलेल्या सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये सभांतून अफूविरुद्ध भाषणे केली. ज्या मतदारांच्या नावाने हा व्यापार चाले, त्यांच्यासमोर उभी राहून एक मराठी स्त्री त्याची फळे सांगत होती. १८९३ मध्ये रुस्तम पेस्तनजी जहांगीर यांचे मुंबईतील अफू ओढणाऱ्यांच्या जीवनकथांचे इंग्रजी पुस्तक निघाले. महसुली भाषेत ज्याला ‘खप’ म्हणतात, त्याला येथे चेहरे मिळाले.

आल्फ्रेड डायर यांची कथा या सर्वांत कठोर आहे. इंग्रज मुलींना फसवून ब्रसेल्सच्या कुंटणखान्यांत विकले जाते, हे त्यांनी १८८० च्या सुमारास चव्हाट्यावर आणले होते. पुढे ते मुंबईस आले आणि जॉर्ज बोवेन यांनी नावारूपाला आणलेल्या ‘बॉम्बे गार्डियन’चे संपादक झाले. १८९१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने अफूचा महसूल नीतीच्या दृष्टीने असमर्थनीय ठरविला. त्याच सुमारास परवान्याच्या दुकानात बसून अफू सेवन करण्यास बंदी आली. अड्डे खासगी ‘क्लबां’च्या नावाने चालू राहिले आणि वादाला नवी धार चढली. १८९४ मध्ये अफूच्या प्रश्नावरील मजकुराबद्दल डायर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांवर मुंबईत अब्रुनुकसानीचा खटला होऊन त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

मराठी वाचकाला येथे डोंगरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली तीही अब्रुनुकसानीचीच, आणि आगरकरांनी ते १०१ दिवस पुस्तकरूपाने नोंदवून ठेवले. राजद्रोहाच्या खटल्याने संपादकाला हौतात्म्य तरी लाभते. अब्रुनुकसानीच्या खटल्यात वाद धोरणावरून सरकून एका व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर येतो. प्रश्न ‘व्यापार योग्य आहे काय’ हा उरत नाही, ‘हे वाक्य सिद्ध करता येईल काय’ हा होतो. शोधपत्रकारितेच्या इतिहासात या सरकण्याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही.

त्याच वेळी राजेशाही अफू आयोग देशभर साक्षी घेत होता. लॉर्ड ब्रासी त्याचे अध्यक्ष होते. सातशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि १८९५ मध्ये अहवालाचे जाडजूड खंड निघाले. अफूचे सेवन बहुतांशी माफक असते आणि बंदीची गरज नाही, असा बहुमताचा निष्कर्ष होता. हेन्री विल्सन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. साक्षीदारांची निवड आणि जुळवाजुळव सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून झाली होती, हा आक्षेप जोशुआ राउनट्री यांनी हेच पुरावे पुन्हा तपासून मांडला. साहित्याच्या अभ्यासकाने हे खंड अवश्य चाळावेत. कोणता प्रश्न कोणाला विचारला, उत्तर कोठे तोडले, कोणाची साक्ष परिशिष्टात गेली, हे पाहणे ही संहितावाचनाचीच रीत आहे. निष्कर्ष बहुमताचा असला तरी विरोधी पुरावा त्याच बांधणीत जपून राहिला आहे.

येथे आपल्याच घरातली एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. दादाभाई नौरोजींनी या व्यापाराला पाप म्हणण्यात कसूर केली नाही. तरीही अनेक हिंदी नेते आणि वृत्तपत्रे या चळवळीपासून दूर राहिली. अफूचे उत्पन्न बुडाले तर ती तूट हिंदी रयतेवर नवे कर बसवून भरली जाईल, ही त्यांची धास्ती होती. ती अनाठायी नव्हती. परंतु चीनमधल्या व्यसनी माणसाची किंमत देऊन येथील रयतेवरचा कर टळतो, हा सौदा त्या मौनात मान्य झाला होता. साम्राज्याने केवळ सरकारलाच नव्हे, तर करदात्यालाही भागीदार करून घेतले होते. १९०७ च्या करारानंतर चीनची निर्यात टप्प्याटप्प्याने घटत जाऊन १९१३ मध्ये थांबली. भागीदारीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

आज काळ बदलला आहे. १९८५ च्या कायद्याने हा व्यापार गंभीर गुन्हा ठरला आहे. परवान्याने होणारी खसखशीची लागवड औषधासाठी चालते, आणि माळव्यातील नीमच येथे सरकारी अफू कारखाना आहे. शासनाचे लागेबांधे असलेच, तर ते आता वेब यांच्या कथेतल्यासारखे झाकलेले असणार. जून २०११ मध्ये बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील एका रिसॉर्टवरील पार्टीवर छापा पडला आणि सुमारे तीनशे जण ताब्यात घेतले गेले. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी विभागातीलच एका निरीक्षकाला त्या प्रकरणी अटक झाली, तेव्हा कुंपणाविषयीची म्हण अनेकांना आठवली असेल.

अशा बातम्या आपण वाचतो त्या बहुधा एकाच ढंगाच्या असतात. किती किलो माल, बाजारात किती कोटींची किंमत, किती आरोपी. ही आकडेमोड पोलिसांच्या पत्रकातून जशीच्या तशी छापली जाते. महसुलाचा रकाना गेला, जप्तीचा रकाना आला. तो माल कोणासाठी होता आणि व्यसनात सापडलेल्याच्या घरात काय घडते, ही माणसे याही रकान्यात नाहीत. सुंदराबाई आणि डायर यांच्या पिढीने राज्याच्या आकड्यांच्या पलीकडे जाऊन माणसे शोधली आणि त्यांतल्या काहींनी त्यासाठी तुरुंग पाहिला. तेव्हा व्यापार उजेडात होता आणि माणसे अंधारात होती. आज व्यापार अंधारात गेला असला, तरी माणसे अजून तेथेच आहेत. शोधपत्रकारितेचे मोजमाप करताना गुपित किती फुटले, याइतकेच तेथवर कोण पोचले, हेही विचारले पाहिजे.