नर्सची पहिली नोकरी आणि सिनॉप्सिसमधला 'निवड' हा शब्द

मागच्या महिन्यात अकोल्याहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. जीएनएमचा निकाल लागला, नोंदणी झाली आणि हातात दोन नोकऱ्या आल्या. एक अमरावतीच्या खासगी रुग्णालयात, दुसरी मेळघाटात, कंत्राटी. "तू तं नर्सेसवरच पीएचडी करून राह्यली. सांग ना व ताई, कोनती धरू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. खरं तर माझ्या संशोधनाचा प्रश्न हाच आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातल्या नर्स पहिली नोकरी कशी निवडायच्या? पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं की काहींनी ती सेवाभावानं निवडली, काहींनी पैशासाठी. गाईडनी 'निवडली'खाली पेन्सिलनं रेघ मारली आणि बाजूला एकच शब्द लिहिला: "कशातून?" तुमच्यापैकी जे आता सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी त्या पेन्सिलीची ही गोष्ट.

आधी समोर काय होतं ते बघू. अमरावतीत आजही लोक 'डफरीन' आणि 'आयर्विन' म्हणतात, अकोल्यात 'लेडी हार्डिंग'. आयर्विन हे व्हाइसरॉयचं नाव, उरलेली दोन व्हाइसरॉयच्या पत्नींची. ही दोन्ही स्त्री रुग्णालयं आहेत, हा योगायोग नाही. 1885 मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकारानं देशभरासाठी एक निधी उभा राहिला. हेतू असा की स्त्रियांवर उपचार स्त्रियांनीच करावेत. स्त्री रुग्णालय म्हटलं की स्त्री कर्मचारी आल्या, म्हणजे बायकांसाठी पगारी काम आलं. पण रक्त, विटाळ, परक्या पुरुषाचं अंग, रात्रपाळी या सगळ्यामुळे 'चांगल्या घरच्या' मुलीला तिकडे पाठवायला घरचे तयार नसत. म्हणून सुरुवातीला मिशनमध्ये वाढलेल्या मुली, विधवा आणि टाकलेल्या स्त्रिया या कामात जास्त दिसतात.

नाव-गावासह सापडणारं जवळचं उदाहरण नागपूरचं आहे. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेला होता आणि नागपूर ही राजधानी, म्हणून ते इथे चालेल. कमलाबाई होस्पेट बालविधवा. नागपूरच्या डफरीनमध्ये त्या परिचर्या आणि सुईणीचं काम शिकल्या. पुढे 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ हे प्रसूतिगृह सुरू केलं. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथेच मी पहिली चूक केली. कमलाबाईंवरून मी सगळ्या नर्सेसबद्दल लिहायला लागले. पण कमलाबाई आपल्याला दिसतात त्या त्यांनी संस्था काढली म्हणून. जी बाई गपचूप नोकरी करून निवृत्त झाली, तिच्यावर कोणी गौरवग्रंथ काढला नाही. बरं, आकडे तरी मिळतील म्हणून 1911 ची जनगणना उघडली, तर तिथे सुईणी, लस टोचणारे, कंपाउंडर, नर्स आणि मालिश करणारे सगळे एकाच रकान्यात! नर्स किती, हे त्यातून थेट निघत नाही.

मग मी प्रश्नच बदलला. 'तिनं का निवडलं?' हे बाजूला ठेवलं आणि तीन साधे प्रश्न घेतले.

पगार कोणाच्या खिशातून? सरकार, मिशन, नगरपालिका की देणगीचा निधी? याचं उत्तर रुग्णालयं आणि दवाखान्यांच्या प्रांतिक वार्षिक अहवालांत शोधा. 1910 चं अकोला आणि 1911 चं अमरावती जिल्हा गॅझेटियरही बघा.

रात्री झोपायचं कुठं? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. एकट्या बाईला गावात खोली मिळणं किती अवघड, हे वऱ्हाडात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. रुग्णालयाला क्वार्टर नसेल, तर जास्त पगाराची नोकरीही कामाची नाही. या गोष्टी आरोग्य खात्याच्या फाईलपेक्षा बांधकामाच्या खर्चात सापडण्याची शक्यता जास्त.

कागद कोणाचा? मध्य प्रांतात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा 1936 चा, भारतीय परिचर्या परिषदेचा 1947 चा आणि महाराष्ट्राचा 1966 चा. आयर्विनमधली एखादी सिस्टर डोळ्यांसमोर आणा. 1945 साली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात, 1950 नंतर मध्य प्रदेशात, 1956 नंतर मुंबई राज्यात, 1960 नंतर महाराष्ट्रात. वॉर्ड तोच, सरकार तीनदा बदललं! म्हणून तिचे कागद शोधताना फक्त मुंबईत जाऊन भागत नाही. नागपूरचं पुरालेखागार तर हवंच, भोपाळही लक्षात ठेवा.

आता एक सापळा. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात दर 43,000 लोकांमागे एक नर्स, असं प्रमाण दिलंय. ते वाचून मी लिहिलं, 'एवढी टंचाई, म्हणजे नर्सला हवी ती नोकरी मिळत असणार.' चूक! टंचाई लोकसंख्येवर मोजली जाते, नोकरी मंजूर पदांवर मिळते. लोकांना नर्स हवी असणं वेगळं आणि सरकारनं पद मंजूर करणं वेगळं. हा फरक आजही तसाच आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारस आणि हातात पडणारा पगार, यांतलं अंतर नोकरी शोधणाऱ्या मुलींना विचारा.

शेवटी बहिणीला मी सल्ला दिलाच नाही, हेच तीन प्रश्न दिले. ती दोन्हीकडे जाऊन विचारून आली. अमरावतीत पगार दोन हजारांनी जास्त होता, पण राहायची सोय नाही आणि मूळ प्रमाणपत्रं दोन वर्षं त्यांच्याकडे जमा ठेवायची. मेळघाटात दोघींत एक खोली, कागद स्वतःजवळ, पण करार दरवर्षी नव्यानं. तिनं मेळघाट घेतलं. "ताई, कागद दिले तं मी दुसरीकडे जाऊ कशी?" म्हणाली.

उद्या कोणी तिचा अर्ज अभिलेखागारात वाचेल, तर त्यात 'आदिवासी भागात सेवेची इच्छा' एवढंच दिसेल. ते खोटं नसेल, पण प्रमाणपत्रांची अट आणि ती खोली त्यात कुठेच नसेल. म्हणून तुमच्या आराखड्यात 'निवडलं', 'ठरवलं', 'पसंत केलं' असे शब्द जिथे आलेत, तिथे पेन्सिल घ्या आणि बाजूला लिहा: कशातून? उत्तर देता आलं नाही, तर तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचं काम तिथेच आहे.