घरासाठी पिस्तूल कुठलं? उत्तराची सुरुवात १८७८ मध्ये



“घराच्या संरक्षणासाठी कुठलं पिस्तूल चांगलं?” हा प्रश्न यूट्यूबवर टाकून बघा. अमेरिकेतले दादा लोक टेबलावर दहा पिस्तुलं मांडून बसलेले दिसतील. आपल्याकडे मात्र परवाना हातात असला, तरी दुकानात बहुतेक वेळा एकच आकडा ऐकू येतो: पॉइंट ३२. असं का?

त्यासाठी जरा मागे जाऊया. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, पण युरोपियन लोकांना सूट! म्हणजे दरोडा पडला तर साहेबाच्या उशाशी रिव्हॉल्व्हर आणि आपल्या माणसाच्या हातात काठी. त्याच वर्षी लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा लादला. पुढे रिपनच्या काळात वर्तमानपत्रांचा कायदा गेला, शस्त्रांचा राहिला.

साहजिकच तो अपमान लोकांच्या मनात सलत राहिला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा होता.

मग तो राज्यघटनेत का नाही? १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला, तर गुन्हेगारही तोच हक्क सांगेल, असा त्यांचा मुद्दा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लिटनला आपल्या सगळ्यांचीच भीती होती. आंबेडकरांना काळजी होती ती एका नागरिकाच्या हातून दुसऱ्याला होणाऱ्या धोक्याची. नियम वरून सारखाच दिसतो, पण कारण पूर्ण वेगळं.

१९५९ मध्ये स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा आला. ९ मिमी, पॉइंट ३८ असे लष्कर-पोलिसांच्या वापरातले बोअर सामान्यांना बंद. सरकारी गोळ्या बाजारात झिरपू नयेत, हे त्यामागचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. १९८० च्या दशकात आयातही सामान्य माणसासाठी बंद झाली. उरलं काय? मुख्यतः सरकारी कारखान्यातलं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर. त्याचं काडतूस मूळचं अमेरिकेतलं, १८९६ सालचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्का लेगसी कोड!

२०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणलं. वजन साधारण अर्धा किलो, बोअर पुन्हा पॉइंट ३२, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. आता विचार करा, रात्री शेवटच्या बसने घरी येणाऱ्या किती मुलींना हे परवडेल? वर परवान्यासाठी आपल्याला खरंच धोका आहे, हे पटवून द्यायचं.

म्हणून मला वाटतं, “कुठलं पिस्तूल?” हा आपल्याकडे खरा प्रश्नच नाही. परवाना गरज बघून मिळतो की माणसाचं वजन बघून, हा आहे. गरज बघून मिळत असेल, तर आपण आंबेडकरांचं ऐकलं. वजन बघून मिळत असेल, तर साहेब गेला, पण त्याची सूट इथेच राहिली.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!