थरथर, झटका आणि फेफरं
कळंब तालुक्यात येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. अंगाला सुटलेला कंप म्हणजे देवीचं वारं, ही समजूत या भागात जुनीच. चरकसंहितेने मात्र अपस्माराला, म्हणजे फेफऱ्याला, आजारांत बसवलं होतं. कायद्याने उलटी वाट धरली: १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या पंक्तीला फेफरं बसवलं, ते १९९९ मध्ये काढलं. थरथर ती थरथर, भेद कशाला, असं कुणी म्हणेल. पण हाताचा साधा कंप म्हणजे फेफरं नव्हे. उलट सकाळी उठल्यावर शुद्धीत असताना हातातला कप उडवणारा झटका फेफऱ्याचा असू शकतो. त्यावर कार्बामाझेपिन हे फेफऱ्याचं औषध दिलं तर झटके वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाने ते थांबले तरी हात थरथरू शकतो. म्हणून झटका आला की कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. त्याचं मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.