कस्टम सायकल म्हणजे काय? सातारचा घाट आणि सांगलीचं सपाट, दोन्हीला चालेल अशी सायकल बांधायची कशी?

कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते तेव्हा समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर असते. वाई, कराड करत ती सांगलीत पोहोचते तेव्हा ही उंची राहते जेमतेम ५५० मीटर. म्हणजे शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत ८०० मीटरचा फरक.

पण सायकलच्या शोरूमला याचं काही देणंघेणं नसतं. सातारच्या गिऱ्हाईकाला जी सायकल मिळते, तीच सांगलीच्या गिऱ्हाईकाला मिळते. एकाला रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं असतं आणि दुसऱ्याला विश्रामबागेतून मिरजेला. मग पहिल्या महिन्यात गुडघा दुखतो, दुसऱ्या महिन्यात कंबर धरते आणि तिसऱ्या महिन्यात सायकल जिन्याखाली जाऊन धूळ खाते. दोष माणसाच्या तब्येतीला दिला जातो. बऱ्याचदा चूक असते ती मापाची आणि गिअरची.

इथंच 'कस्टम सायकल' हा विषय येतो. नाव ऐकलं की लाखांचा आकडा डोळ्यांसमोर येतो, पण प्रकरण तेवढं महाग असलंच पाहिजे असं नाही.

कस्टम सायकलचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे माणसाचं माप घेऊन फ्रेमच नव्यानं बनवणं. शिंपी कपडे शिवतो तसं. हा सगळ्यात खर्चिक आणि वेळ खाणारा प्रकार.

दुसरा, तयार फ्रेम घ्यायची आणि चाकं, गिअर, ब्रेक, हँडल आपल्या पसंतीनं एकेक करून चढवायचं.

तिसरा, आहे तीच सायकल ठेवायची आणि नडणारे दोन-चार पार्ट बदलायचे. बहुतेकांचं काम या तिसऱ्या प्रकारातच होतं.

हे शक्य होतं कारण सायकल ही मुळात एका कंपनीची वस्तू नसते. फ्रेमवर नाव एकाचं, गिअर जपानच्या शिमानोचे किंवा अमेरिकेच्या स्रॅमचे, टायर तिसऱ्याचे, सीट चौथ्याची. सायकल म्हणजे नीट जुळवलेले सुटे भाग.

सायकलच्या दुकानातून उभी राहिलेली वाडी

सुटे भाग जोडणाऱ्या सायकलच्या दुकानाचं महत्त्व या भागाला वेगळं सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हा १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे.

पुढं हेच भाऊ कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

आधी माप, मग मॉडेल

सायकल घेताना माणूस रंग बघतो, गिअर किती ते विचारतो आणि डिस्क ब्रेक आहे का ते पाहतो. माप शेवटी येतं. खरं तर ते पहिलं यायला हवं.

घरच्या घरी एक माप घेता येतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते. ती मोजायची क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमंडमुळं ही पद्धत जगभर पोहोचली. पायाचं माप ८० सेंटीमीटर असेल तर सीट साधारण ७०.६ सेंटीमीटरवर.

हा आकडा शेवटचा नाही, सुरुवातीचा आहे. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासा, म्हणजे २५ ते ३५ अंश, वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर मागच्या बाजूला ताण येतो आणि कंबर डावी-उजवी हलत राहते.

सीट वरखाली करता येते, पण सीट ते हँडल हे अंतर फ्रेमवर ठरतं. ते थोडं जास्त असेल तर हँडलचा स्टेम आखूड घेऊन भागतं. खूपच जास्त असेल तर फ्रेमच चुकली. उंची कमी असलेल्यांना, विशेषतः बायकांना, दुकानात 'सीट खाली करून देतो' असं सांगून मोठी फ्रेम दिली जाते. तिथं ठाम नाही म्हणायचं.

घाटाचं गणित

आता गिअर. '२१ गिअर' या आकड्याला फारसा अर्थ नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, हे महत्त्वाचं.

वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणी घाटाचा रस्ता घ्या. साधारण १२ किलोमीटरमध्ये सुमारे ६०० मीटर चढ, म्हणजे सरासरी ५ टक्के. माणूस आणि सायकल मिळून वजन ८५ किलो धरलं, पॅडल मिनिटाला ६० वेळा फिरतंय असं धरलं आणि ७०० बाय ३२ चा टायर असेल तर चाकाचा एक फेरा २.१५ मीटरचा होतो.

पुढं ४२ दात आणि मागं २८ असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.२३ मीटर पुढं जाते. वेग येतो ताशी साडेअकरा किलोमीटर. नुसता चढ चढायला साधारण १३५ वॅट लागतात, हवा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच.

पुढं ३४ आणि मागंही ३४ दात असतील तर एका फेऱ्यात सायकल फक्त २.१५ मीटर जाते. वेग ताशी पावणेआठ किलोमीटर, पण चढाला लागतात फक्त ९० वॅट.

तब्येतीनं ठीक असलेला पण सराव नसलेला माणूस तासभर सलग साधारण १०० ते १५० वॅट काढू शकतो. म्हणजे पहिल्या गिअरवर तो कुठंतरी मध्येच उतरणार किंवा पॅडल कण्हत-कुथत फिरवून गुडघ्यावर भार घेणार. दुसऱ्या गिअरवर त्याला अर्धा तास जास्त लागेल, पण तो पाचगणीत सायकलवर बसूनच पोहोचेल.

मग ही सायकल सांगलीत निरुपयोगी ठरेल का? नाही. तोच पुढचा ३४ आणि मागचा १७ लावून मिनिटाला ८० फेरे मारले की वेग ताशी साडेवीस किलोमीटर होतो. सपाट रस्त्यावर रोजच्या वापराला एवढा पुरे. उलट मात्र होत नाही. फक्त सपाट रस्त्याचा विचार करून बांधलेली सायकल घाटात दगा देते.

ज्यांच्याकडे साधी ७ स्पीडची सायकल आहे, त्यांना मागचं १४-२८ चं फ्रीव्हील काढून १४-३४ चं लावता येतं. त्यासोबत लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागू शकतो आणि चेनही लांब लागू शकते. एवढ्यानं वरच्या उदाहरणातले १३५ वॅट ११० वर येतात. नव्या सायकलपेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

चढलेलं उतरावंही लागतं

८५ किलो वजन ६०० मीटर वर गेलं की त्यात सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा साठते. उतरताना ती कुठंतरी गेली पाहिजे. काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ५ लाख ज्यूल म्हणजे दीड लिटर पाण्याला उकळी आणण्याएवढी उष्णता.

रिम ब्रेकमध्ये ही उष्णता रिमवर येते. पावसात रिम ओली असेल तर ब्रेक लागायलाच एक-दोन फेरे जातात. म्हणून सातारकडच्या पावसासाठी डिस्क ब्रेक परवडतो, मग तो केबलचा असला तरी चालेल. पण फ्रेमला आणि फोर्कला डिस्कचे माऊंट नसतील तर तो बसत नाही आणि वेल्डिंग करून बसवून घेणं धोक्याचं. त्यापेक्षा चांगले ब्रेक पॅड आणि नव्या केबल टाका. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा वेळ दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

टायर आणि काळी माती

बारीक टायर वेगवान, हा समज खडबडीत रस्त्यावर खोटा ठरतो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, धक्के कमी बसतात आणि पंक्चरही कमी होतात. आपल्या रस्त्यांना ३२ ते ४० मिलिमीटर रुंदी योग्य.

सांगली-कराड पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे टायर आणि फ्रेममधली मोकळी जागा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून रस्त्यावर येणारा चिखल आणि पावसाळ्यातली काळी माती टायरला चिकटते, ब्रेकजवळ साठते आणि चाक जाम होतं. मडगार्ड बसवूनही बोटभर जागा उरली पाहिजे.

फ्रेम कशाची?

कस्टम फ्रेम बनवणाऱ्यांची आवडती वस्तू आजही स्टील, त्यातही क्रोमोली. नळ्या हव्या त्या मापात कापून जोडता येतात आणि तुटलं तर दुरुस्त होतं. ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण वेल्डिंगनंतर त्याला पुन्हा ठरावीक तापमानाची प्रक्रिया द्यावी लागते. त्यामुळं गल्लीतल्या वेल्डरकडं ते नेऊ नये. कार्बन बहुतेकदा साच्यात बनतं, म्हणून एका माणसासाठी वेगळं माप महाग पडतं.

महाराष्ट्रातलं वेगळं उदाहरण म्हणजे बांबू. पुण्यात निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' या नावानं बांबूच्या फ्रेमच्या सायकली बनवल्या.

पार्ट घेण्याआधी जुळणी बघा

पैसे सगळ्यात जास्त इथं बुडतात. 'दोन्ही १० स्पीडचे आहेत' म्हणून शिफ्टर एकाचा आणि डिरेलर दुसऱ्याचा घेतला की गिअर जागेवर बसतच नाहीत. कारण एका क्लिकला केबल किती ओढायची, हे कंपनी आणि मालिकेनुसार बदलतं. मागचे दात फ्रीव्हीलचे आटे फिरवून बसतात की कॅसेट म्हणून हबवर सरकवले जातात, बीबी सेट कुठल्या मापाचा आहे, चाकाचा ॲक्सल क्विक रिलीजचा आहे की थ्रू ॲक्सल, हे सगळं आधी तपासायचं. ऑनलाइन ऑर्डर करण्यापूर्वी सायकल मेकॅनिकला दाखवणं स्वस्त पडतं.

पार्टच्या दुनियेत नवीन काय?

जुनी रोड बाईक घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोनं जुलै २०१९ पूर्वी तयार झालेले ११ स्पीडचे काही अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी बोलावले. क्रँकचे चिकटवलेले दोन भाग सुटून तो तुटण्याचा धोका होता. क्रँकच्या आतल्या बाजूला एफसी-६८००, एफसी-९०००, एफसी-आर८०००, एफसी-आर९१०० किंवा एफसी-आर९१००पी असा नंबर असेल तर आधी अधिकृत डीलरकडून तपासून घ्या, मग पैसे द्या.

२०२३ मध्येच शिमानोनं 'क्यूज' ही मालिका आणली. तिच्यातल्या ९, १० आणि ११ स्पीडच्या डिरेलरची केबल-ओढ एकच आहे, त्यामुळं जुळणीची डोकेदुखी कमी होते. जुन्या मालिकांशी मात्र ती जुळत नाही.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना तेवढं बघा.

खर्चाचा क्रम

थोडक्यात, पैसे मर्यादित असतील तर क्रम असा: आधी माप आणि सीटची उंची, मग ब्रेक, मग हलका गिअर, मग टायर. फ्रेम सगळ्यात शेवटी. यातलं पहिलं काम जवळपास फुकटात होतं. जिन्याखालची सायकल बाहेर काढा, ओव्हरऑइलिंग करून घ्या, चाकांचा आऊट काढा आणि सीट मापावर आणा. नवीन सायकल खरंच लागणार आहे का, ते त्यानंतर ठरवा.