ध्रुपद बंदिश : लयकारी आणि गेयता

बंदिशीत गणिती कसब किती आणि गाणेपण किती, हा ध्रुपदातला जुना वाद. चौतालाच्या १२ मात्रांची ओळ दुगुनीत ६ मात्रांत बसते, चौगुनीत ३ मात्रांत. हिशेब चोख जमतो, समही (तालाची पहिली मात्रा) अचूक गाठली जाते. पण शब्दांची ओढाताण झाली की पद हरवते, नुसती बेरीज ऐकू येते. ध्रुपदाच्या दरभंगा परंपरेत अशा लयकारीला मोठे स्थान. डागर परंपरेचा भर संथ आलापावर, स्वरलगावावर. भोपाळच्या ध्रुपद केंद्रात (स्थापना १९८१) झिया फरीदुद्दीन डागर यांनी ही दुसरी वाट शिकवली. तीत लयीचे कसब वगळलेले नाही, स्वराच्या दिमतीला ठेवलेले आहे. आणि तेच रास्त. उज्जैनचे मराठी ध्रुपदगायक उदय भवाळकर याच केंद्रात घडले.