‘ते’ दोन तास कुठे गेले? हिल दांपत्याच्या ‘अपहरणा’चा वाद काय आहे

रात्री उशिरा निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाटात एखादा दिवा आपल्या गाडीबरोबरच चालल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा तो गुरू किंवा शुक्र असतो, नाहीतर टेकडीवरच्या टॉवरचा दिवा. अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोला १९६१ साली असाच दिवा दिसला. त्यातून परग्रहवासीयांनी माणसं पळवल्याचं जगातलं पहिलं गाजलेलं प्रकरण उभं राहिलं. आज मोबाईलवर फिरणाऱ्या अशा बहुतेक गोष्टींचा सांगाडा इथलाच आहे.

बेट्टी हिल समाजकल्याणाचं काम करायची, बार्नी टपाल खात्यात होता. राहायला न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी. ती गोरी, तो कृष्णवर्णीय. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असं लग्न कायद्यानं गुन्हा होता. त्यांच्या राज्यात नव्हता, तरी लोकांच्या नजरा होत्याच. दोघंही नागरी हक्कांच्या चळवळीत होते. थापा मारून नाव कमवायची हौस असलेली ही माणसं नव्हती, एवढं त्यांचे टीकाकारही मान्य करतात.

१९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री कॅनडातली सहल आटोपून दोघं गाडीनं घरी निघाले होते. सोबत त्यांची कुत्री डेल्सी. व्हाइट माउंटन्सच्या डोंगराळ रस्त्यावर एक तेजस्वी ठिपका मागे लागल्यासारखा वाटला. एका ठिकाणी बार्नी दुर्बीण घेऊन खाली उतरला. यानाच्या खिडक्यांतून गणवेशातल्या आकृत्या आपल्याकडे बघताहेत, असं त्याला दिसलं. आता हे आपल्याला पकडणार, असं ओरडत तो पळत गाडीत आला. मग ‘बीप बीप’ असा आवाज झाला. तोच आवाज पुन्हा ऐकू आला तेव्हा गाडी सुमारे ५५ किलोमीटर पुढे आली होती. मधलं काही धड आठवेना. घरी पोहोचेतो उजाडत आलं. बार्नीच्या बुटांना घासल्याच्या खुणा होत्या, बेट्टीचा ड्रेस फाटला होता.

दोनच दिवसांत त्यांनी जवळच्या पीज हवाईदल तळावर माहिती दिली. त्या माहितीत अपहरण नव्हतं. दोन तास जास्त लागले, हा हिशेबही काही आठवड्यांनी, चौकशीला आलेल्या लोकांनी खोदून विचारल्यावर निघाला. आपल्याकडे रात्रभर एकाच शिवारात फिरत राहिलेल्याला चकवा लागला म्हणतात. वेळ गेलेला असतो, पाय दुखत असतात, ते खरंच असतं. पण तेवढ्यानं चकवा सिद्ध होत नाही.

स्वप्न आधी, आठवण नंतर

वादाचं मूळ इथे आहे. घटनेनंतर थोड्याच दिवसांत बेट्टीनं ग्रंथालयातून उडत्या तबकड्यांवरचं पुस्तक आणून वाचलं. दहाएक दिवसांनी तिला ओळीनं पाच रात्री स्वप्नं पडली: ठेंगणी माणसं, यानात नेणं, बेंबीत सुई घालून तपासणी. ती तिनं लिहून काढली, लोकांना सांगितली. बार्नीच्या कानावरही ती पडली होतीच.

बार्नीला पोटाचा अल्सर आणि अस्वस्थता यांचा त्रास वाढला. जानेवारी १९६४ पासून बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांवर वेगवेगळं संमोहन केलं. दोघांनीही अपहरणाची हकिगत सांगितली. ती बरीचशी बेट्टीच्या स्वप्नांशी जुळत होती. सायमन यांचं मत असं, की दोघं खोटं बोलत नाहीत. काहीतरी पाहून ते मनापासून घाबरलेत, पण अपहरण हा बेट्टीच्या स्वप्नाचा भाग आहे आणि बार्नीनं तो तिच्याकडून उचललाय.

हा मुद्दा आपल्या भागाला परका वाटू नये. मुद्रांक घोटाळ्यातला खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याची नार्को चाचणी झाली, तिची चित्रफीत पुढे वाहिन्यांवर गाजली. गुंगीत माणूस खोटं कसं बोलेल, असा तेव्हा सर्रास समज होता. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय अशी चाचणी करायला मनाई केली. संमतीनं केली तरी त्यातलं बोलणं थेट पुरावा म्हणून धरायचं नाही, असंही सांगितलं. नार्कोत औषध असतं, संमोहनात नुसतं बोलणं. पण अडचण सारखीच. घडलेलं, ऐकलेलं आणि स्वप्नातलं हे सांगणाऱ्याचं त्यालाच वेगळं करता येत नाही.

बाकीचे पुरावे

त्या रात्री आकाशात चंद्राजवळ गुरू आणि शनी होते, याकडे संशयवादी बोट दाखवतात. बार्नीनं संमोहनात वर्णन केलेले लांबट, कानाकडे वळलेले डोळे ‘द आउटर लिमिट्स’ मालिकेतल्या परग्रहवासीसारखे होते. तो भाग त्या बैठकीच्या बाराच दिवस आधी प्रसारित झाला होता. आपण तो पाहिलाच नाही, असं बेट्टीचं म्हणणं.

बेट्टीनं काढलेला ताऱ्यांचा नकाशा समर्थकांचा हुकमी एक्का. मार्जोरी फिश या हौशी अभ्यासक बाईंनी तो झीटा रेटिक्युली या सुमारे ३९ प्रकाशवर्षं दूर असलेल्या ताऱ्यांशी जुळवला. ठिपके भरपूर असले की हवी ती आकृती जुळवता येते, असं कार्ल सेगन यांनी दाखवून दिलं. ताऱ्यांची अंतरं पुढे अधिक अचूक मोजली गेली, तेव्हा फिश यांची जुळणीही टिकली नाही.

बाहेर जीवसृष्टी आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि गंभीर आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी कथा-कादंबऱ्यांतून परग्रहवासी रंगवले. प्रत्यक्ष शोध घ्यायची वेळ आली तेव्हा २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले आणि सूक्ष्मजंतूंसाठी प्रयोगशाळेत तपासायला दिले. त्यावरही वाद झाला, पण निदान नमुना हातात होता.

बार्नी १९६९ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला, वय ४६. बेट्टी २००४ पर्यंत जगली आणि आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. नंतर तिला वरचेवर तबकड्या दिसू लागल्या, तेव्हा काही समर्थकही मागे सरले. तो फाटका ड्रेस न्यू हॅम्पशायर विद्यापीठात जपून ठेवला आहे आणि लिंकन गावाजवळ, जिथे ते यान दिसल्याचं सांगतात, तिथे राज्य सरकारनं २०११ मध्ये माहितीफलक लावला आहे.